बायकांचा गाऊट एक्स-रेत वाचताना: शुगर असलेली आणि नसलेली

गाऊट म्हणजे युरिक ॲसिडचे बारीक खडे (क्रिस्टल) सांध्यात साचून होणारा वात. त्याचा पहिला झटका आला त्याच आठवड्यात काढलेला एक्स-रे बहुतेक वेळा साफ येतो. फार तर सांध्याभोवतीची सूज दिसते. हाडाला खळगा पडून तो फिल्मवर उमटायला सहसा काही वर्षं जावी लागतात. हे आधी सांगून ठेवलं नाही, तर पुढचा घोळ ठरलेलाच. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ वाचलं की गाऊट नाहीच असं धरून गोळ्या बंद होतात आणि पुढच्या झटक्याला बाई पुन्हा लंगडत येते. आमच्या एक्स-रे विभागात आम्ही ही गोष्ट फिल्म काढण्याआधीच सांगतो: आज का दुखतंय हे यातून कदाचित कळणार नाही, आजवर किती बिघडलंय ते कळेल.

बायकांच्या बाबतीत ‘आजवर’चा हिशेब मोठा निघतो, कारण त्यांचा गाऊट उशिरा ओळखला जातो. इस्ट्रोजेनमुळे मूत्रपिंडं युरिक ॲसिड नीट बाहेर टाकतात, म्हणून पाळी असेपर्यंत हा आजार बायकांत क्वचित दिसतो. पाळी गेली की ते संरक्षण जातं. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असते, किडनी थोडी मंदावलेली असते. मटण आणि दारू म्हणजे गाऊट हे समीकरण नागपुरात इतकं पक्कं बसलंय, की सावजी खाणाऱ्या नवऱ्याचं युरिक ॲसिड तपासतात आणि त्याच घरातल्या माळकरी बाईचं ‘वय झालं, गुडघे-बोटं दुखणारच’ म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात साठीनंतरच्या बाईत ताटापेक्षा किडनी आणि गोळ्यांची यादी आधी बघावी लागते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, अंगातलं पाणी कमी पडतं, तेव्हाही झटके येतात.

काय मागवायचं

चिठ्ठीवर बहुधा एवढंच असतं: ‘राइट फूट, एपी-लॅटरल’, म्हणजे उजव्या पायाची एक सरळ आणि एक बाजूनं. गाऊटसाठी हे पुरत नाही. आम्ही डॉक्टरांना फोन करून दोन्ही पाय आणि दोन्ही हात असं बदलून घेतो. कारण साधं आहे: न दुखणाऱ्या सांध्यातही जुने खळगे सापडतात, आणि पायाच्या करंगळीच्या मुळाशी सापडलेला एक खळगा अंगठ्याच्या नुसत्या सुजेपेक्षा जास्त बोलतो. पायाला वरून एक आणि तिरकी एक, हाताला सरळ एक आणि तिरकी एक. शुगर असेल तर पायाची उभं राहून काढलेली लॅटरलही. खर्च वाढतो हे मान्य, पण भंडारा, गोंदिया, बालाघाटहून आलेल्या बाईला पुन्हा बोलावण्यापेक्षा तो परवडतो. रेडिएशनची भीती पुष्कळांना असते. पायाच्या एका फिल्मचा डोस ०.००१ मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. तरीही वय लहान दिसलं की पाळीची चौकशी करायचीच.

फिल्म काढताना

पहिली अडचण जोडव्यांची. दुसऱ्या बोटातली चांदी नेमकी बोटाच्या मुळाचं हाड झाकते आणि डिजिटल मशीन धातूच्या कडेला एक काळी किनार तयार करते. ती शेजारच्या हाडावर पडली की तिथं खळगा असल्याचा भास होतो. सवाष्ण बाईला ‘काढा’ म्हटलं की ती घुटमळते. ‘काकू, फोटोपुरती काढू, तुमच्याच हातात देते, झाल्यावर इथंच घाला,’ असं बाई टेक्निशियन म्हणाली की बहुधा काम होतं. सुजेमुळे निघत नसतील तर साबणाचं पाणी लावून बघायचं, ओढाताण करायची नाही. ठणकणाऱ्या पायाला नुसता हात लागला तरी ‘अंगठा ठसठसून राहिला हो’ असं ऐकू येतं. अगदीच निघाली नाहीत तर तिरक्या फिल्मचा कोन थोडा बदलून झाकलेला भाग मोकळा करायचा आणि रिपोर्टात तसं लिहायचं. हाताला काचेच्या बांगड्या असतात. काचही फिल्मवर उमटते. मनगट बघायचं असेल तर त्या कोपराकडे सरकवाव्या लागतात.

दुसरी अडचण लेपांची. झिंक ऑक्साइडचं मलम फिल्मवर पांढरट दिसतं. शुगरच्या जखमेवर पोव्हिडोन आयोडीनची पट्टी असेल तर आयोडीनही पांढरं दिसतं आणि कॅल्शियम साचल्यासारखं वाटतं. जखम उघडी ठेवायची नाही हे खरं, पण वॉर्डातल्या सिस्टरला विचारून साधी कोरडी पट्टी लावून घेता येते.

पाय वरून घेताना तळवा कॅसेटवर (फिल्मच्या पेटीवर) सपाट, एक्स-रेची ट्यूब टाचेकडे १० ते १५ अंश झुकवलेली, किरणांचा मध्य तिसऱ्या मेटाटार्सलच्या (बोटामागच्या लांब हाडाच्या) बुडाशी, अंतर १०० सेंटीमीटर. तिरक्या फिल्मला पाय आतल्या बाजूला ३० ते ४५ अंश कलवायचा. आम्ही ५० ते ५५ केव्ही (किरणांची भेदकता) आणि ३ ते ४ एमएएसच्या (किरणांचं प्रमाण) आसपास ठेवतो. ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) नको, फोकल स्पॉट (ट्यूबमधला किरण निघतात तो बिंदू) लहान. केव्ही वाढवलं की हाड छान दिसतं, पण मऊ भागातला फरक पुसला जातो, आणि गाऊटची गाठ तिथंच तर असते. डिजिटल मशीनवर दुसरा धोका आहे. कडा ठळक करणारं प्रोसेसिंग जास्त ठेवलं तर साध्या हाडालाही पांढरी किनार आल्यासारखी दिसते. गाऊटच्या खळग्याची ओळखच मुळी त्याच्या किनारीवरून करायची असते, त्यामुळे हे सेटिंग आम्ही कमी ठेवतो.

हाताच्या बाबतीत शुगर आडवी येते ती वेगळ्याच वाटेनं. वर्षानुवर्षं शुगर असलेल्या काही बायकांची बोटं आखडतात, त्वचा जाड होते. नमस्काराला हात जोडले तर तळवे आणि बोटं पूर्ण टेकत नाहीत, मधे फट राहते. असा हात कॅसेटवर सपाट बसतच नाही. वाकलेल्या बोटाची सरळ फिल्म काढली तर सांध्यांची हाडं एकमेकांवर चढतात आणि सांधा झिजलाय असं खोटंच दिसतं. दाबून बसवायचा प्रयत्न करू नये. दुखतं, हात हलतो, फिल्म फुकट जाते. तळवा वर करून फिल्म घ्यावी किंवा दुखणारं बोट वेगळं ठेवून त्याच्यापुरती लॅटरल घ्यावी. म्हणून आम्ही हात ठेवायच्या आधी नमस्कार करायला सांगतो. दोन सेकंदांचं काम आहे, टेक्निशियनचा वेळ वाचतो आणि डॉक्टरांना एक निदान फुकट मिळतं.

वाचताना

हाडाकडे आधी बघू नये. विंडो (स्क्रीनवरची उजेड-अंधाराची सेटिंग) मऊ भागासाठी रुंद करून आधी कातडीची रेघ बघायची. गाऊटची गाठ सांध्याच्या एका बाजूला, वेडीवाकडी फुगते. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला, करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला, पावलावर, कोपराच्या टोकाशी. आजूबाजूच्या मांसापेक्षा ती किंचित दाट दिसते. त्या फुगवट्याखाली हाडाची कडा तपासायची. गाऊटचा खळगा गोल किंवा लांबट असतो, त्याला पातळ पांढरी किनार असते, आणि कडेचं हाड खळग्यावर वळचणीसारखं बाहेर आलेलं असतं. गाठ हळूहळू वाढते, आतून हाड खाते आणि हाड बाहेरून नवा थर चढवत राहतं, म्हणून ती कडा तयार होते. विल्यम मार्टेल यांनी १९६८ मध्ये या लोंबत्या कडेवर लिहिलं, तेव्हापासून ती त्यांच्या नावानं ओळखली जाते. खळगा सांध्यापासून थोडा दूरही असू शकतो आणि सांध्यातली फट बराच काळ शाबूत राहते. रूमॅटॉइड वातात उलटं: खळग्याला किनार नसते, फट लवकर कमी होते, दोन्ही हातांत सारखं दिसतं, सांध्याजवळचं हाड विरळ होतं.

‘गाऊटमध्ये हाडाची घनता टिकते’ हे वाक्य पुस्तकी खरं आहे. साठीच्या बाईत ते फारसं कामाचं नाही, कारण पाळी गेल्यावर हाडं तशीही विरळ झालेली असतात. पुरुषाच्या फिल्मवर जी खूण उपयोगी पडते ती इथं बाजूला ठेवावी लागते.

बायकांच्या फिल्मवर सगळ्यात जास्त फसवणूक होते ती अंगठ्याच्या मुळाशी. अंगठा बाहेरच्या बाजूला वळून आतली गाठ पुढे आलेल्या पायात मेटाटार्सलच्या डोक्याच्या आतल्या बाजूला एक काळसर गोल भाग दिसतो. घाईत बघणारा त्याला खळगा म्हणून मोकळा होतो. भिंग लावून बघा: वरची पातळ पांढरी रेघ अखंड असेल तर तो खळगा नाही. गाऊटमध्ये रेघ तुटलेली असते. शंका राहिली तर तिरकी फिल्म निकाल देते. म्हणूनच एका फिल्मवर आम्ही सही करत नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या मोबाइलच्या फोटोवर तर मुळीच नाही, कारण मिलिमीटरभराची तुटलेली रेघ तिथं दिसणं शक्यच नसतं. कागदावर छापलेल्या एक्स-रेचंही तेच. सीडी मागून घ्यावी.

मग बोटांची टोकं. वयस्कर बायकांत गाऊट टोकाच्या सांध्यांवर, जिथं आधीच ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या (झिजेच्या वाताच्या) गाठी असतात, तिथंच जाऊन बसतो, विशेषतः लघवीच्या गोळीवर असलेल्यांत. बाई म्हणते बोटं जुनीच वाकडी आहेत, एकच सध्या लाल झालंय, त्यातून पांढरा दाट चीक आला. फिल्मवर दोन्ही आजार एकमेकांवर चढलेले. झिजेच्या वातात खळगा सांध्याच्या मधोमध असतो आणि दोन्ही कडा वर उचललेल्या असतात, रेडिओलॉजीत त्याला गल-विंग म्हणतात. गाऊटचा खळगा बाजूला, गाठीच्या खाली. कागदावर हे सोपं वाटतं, पण मुरलेल्या बोटात दोन्ही एकाच ठिकाणी असतात आणि नुसत्या फिल्मवरून वेगळे करता येत नाहीत. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी आणि युरोपची संधिवात संघटना युलार यांनी २०१५ मध्ये गाऊटच्या वर्गीकरणाचे निकष दिले. त्यात एकूण ८ गुण लागतात आणि हाता-पायाच्या एक्स-रेवरच्या खळग्याला एकट्याला ४ मिळतात. पण टोकाचे सांधे आणि गल-विंग त्यातून मुद्दाम वगळले आहेत. नियम बरोबर आहे, नाहीतर झिजेचा प्रत्येक वात गाऊट ठरला असता. त्याचा फटका मात्र बायकांना जास्त बसतो, कारण त्यांचा गाऊट वगळलेल्या जागीच भेटण्याची शक्यता जास्त. हे निकष अभ्यासासाठी आहेत, दवाखान्यात निदान करण्यासाठी नाहीत, हे रिपोर्ट लिहिताना लक्षात ठेवावं. टोकाच्या सांध्यात संशय असला तर ‘गुण मिळत नाहीत’ म्हणून गप्प बसू नये. त्या गाठीतून सुईनं नमुना घ्या असं लिहावं.

शुगर असेल तर

गाऊटचा खळगा शुगर असलेल्या आणि नसलेल्या बाईच्या हाडात सारखाच दिसतो. त्याच्या आकारावरून शुगर ओळखता येत नाही. बदलतं ते आजूबाजूचं, आणि त्याच आजूबाजूमुळे वाचन अवघड होतं.

साठीतल्या एका बाईच्या उजव्या पायाची अशी फिल्म समोर घेऊ, आमच्या टेबलावर नेहमी येते तशी. पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलच्या मधे दोन समांतर पांढऱ्या रेघा, रक्तवाहिनीच्या भिंतीत बसलेलं कॅल्शियम. शुगरमध्ये आणि किडनीच्या आजारात हे दिसतं. त्या रेघा गाऊटच्या नाहीत, पण रिपोर्टात लिहायच्या, कारण या पायावर सुई किंवा चाकू चालवणाऱ्याला रक्तपुरवठ्याची चौकशी आधी करावी लागेल. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला लांबट खळगा, किनार पांढरी, कडा बाहेर लोंबलेली, सांध्याची फट ठीक. इथपर्यंत गाऊट. आता त्याच मेटाटार्सलच्या डोक्याच्या खालच्या बाजूला बघायचं. तळव्यावर जखम आहे आणि तिच्या बरोब्बर वर सिसेमॉइडची (तिथल्या मण्याएवढ्या हाडाची) रेघ पुसट, धुरकट. तिथं ना पांढरी किनार, ना लोंबती कडा. हे गाऊटनं खाल्लेलं हाड नाही, इथं हाडात इन्फेक्शन शिरल्याची शंका घ्यायची. एकाच सांध्यात दोन आजार, दोन वेगळ्या कडा. रिपोर्टात दोन वेगळी वाक्यं लागतात. ‘गाऊटी आर्थ्रोपॅथी’ एवढंच लिहून खाली सही ठोकली तर त्या बाईचं बोट जाऊ शकतं.

इन्फेक्शनचे बदल एक्स-रेवर यायला दोन ते तीन आठवडे लागू शकतात. म्हणून पहिली फिल्म साफ आली तरी जखमेतून प्रोब (बोथट सळई) हाडाला लागतोय का हे सर्जननं बघायचं, आणि संशय राहिला तर फिल्म पुन्हा किंवा एमआरआय. ईएसआर आणि सीआरपी (रक्तातल्या सुजेच्या खुणा) गाऊटच्या झटक्यातही चढतात, त्यांच्यावर विसंबता येत नाही. सांध्यातलं पाणी काढलं तर एकाच वेळी कल्चरला (जंतू शोधायला) आणि क्रिस्टलसाठी पाठवायचं. क्रिस्टल सापडले म्हणून इन्फेक्शन नाही असं होत नाही, दोन्ही एकत्र असतात.

चारकोट पाय हा दुसरा चकवा. नसा बधिर झाल्यावर पाऊल लाल, गरम, सुजलेलं होतं आणि बाई म्हणते फारसं दुखत नाही. सुरुवातीला याचीही फिल्म साफ असते, गाऊटसारखीच. उभं राहता येत असेल तर वजन टाकून काढलेली फिल्म इथं कामाला येते. वरून घेतलेल्या फिल्मवर दुसऱ्या मेटाटार्सलची आतली कडा मधल्या क्युनिफॉर्मच्या (तिच्यामागच्या छोट्या हाडाच्या) आतल्या कडेशी एका रेषेत असायला हवी. ती सरकली असेल तर मधल्या पायाचा सांधा निसटतोय. लॅटरलवर कमान बसलेली दिसते. गाऊटही मधल्या पायात जातो, पण तिथं खळग्यांच्या कडा स्वच्छ असतात आणि हाडं बहुधा जागेवर असतात. चारकोटमध्ये तुकडे, भुगा आणि सरकलेले सांधे. शंका असताना त्या बाईला ‘चालत राहा’ म्हणून घरी पाठवणं सगळ्यात महागात पडतं.

किडनीही बघावी. शुगरमुळे किडनी बरीच गेली असेल तर हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेराची अंगठ्याकडची कडा कुरतडल्यासारखी होते. ती गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असल्याची खूण, गाऊटची नाही. गाऊटच्या गाठीत एरवी कॅल्शियम क्वचित दिसतं. ते दिसलं तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितलंय का, हे विचारावं.

रक्ताचा रिपोर्टही शुगरमध्ये दिशाभूल करतो. दर डेसिलिटर रक्तात ६.८ मिलिग्रॅमच्या वर युरेट (युरिक ॲसिडचा क्षार) विरघळलेलं राहत नाही, क्रिस्टल होऊ शकतात. पण झटक्याच्या वेळी रक्तातलं युरिक ॲसिड खाली येऊन नॉर्मल दिसू शकतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासतात. शुगर खूप वाढलेली असेल तर लघवीतल्या साखरेबरोबर युरिक ॲसिडही जास्त बाहेर पडतं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळ्याही ते कमी करतात. म्हणजे शुगर असलेल्या बाईचं ५.५ आलं म्हणून गाऊट कटला असं नाही. नेमक्या अशा वेळी फिल्मवरचा एक खात्रीचा खळगा किमती ठरतो.

विदर्भात आणखी एक गोष्ट विचारावी लागते: सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. तो असलेल्यांत तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) खोटं कमी येऊ शकतं, आणि ‘शुगर नाही’ म्हणून ठरवलेली बाई प्रत्यक्षात शुगरची असू शकते. तिथं उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, लागलं तर फ्रुक्टोसामिन (सरासरी शुगरचीच, पण तांबड्या पेशींवर न अवलंबणारी तपासणी) बघावं. पेशी जास्त मरत असल्यानं युरिक ॲसिडही वाढतं. सिकलसेलमध्ये हाडाच्या आतला भाग रक्ताअभावी मरतो, तेव्हा फिल्मवर हाडाच्या पोटात पांढरे-काळे चट्टे दिसतात. ते कडेला नसतात, त्यांच्यावर गाठ नसते.

फिल्म पुरत नाही तेव्हा

सोनोग्राफी स्वस्त आहे आणि हाडाला खळगा पडण्याआधी कूर्चेवर बसलेली युरेटची दुहेरी रेघ दाखवते. ड्युअल एनर्जी सीटी (दोन वेगळ्या ऊर्जेच्या किरणांचा सीटी स्कॅन) युरेट रंगवून दाखवतं, पण नखाखाली आणि टाचेच्या जाड कातडीत खोटा रंग भरतं. शुगरच्या भेगाळ, घट्टे पडलेल्या पायात हा खोटा रंग भरपूर असतो. निकाल अखेर सुईचाच: ध्रुवीकृत प्रकाशात सुईसारखे क्रिस्टल दिसले की वाद मिटला. गाठीचा तुकडा पाठवताना फॉर्मलिनमध्ये टाकू नका, त्यात युरेट विरघळून जातं. शुद्ध अल्कोहोलमध्ये पाठवा आणि बाटलीवर ‘क्रिस्टलसाठी’ लिहा. हे एवढं न केल्यानं चांगला नमुना वाया गेलेला वारंवार दिसतो.

दर झटक्याला एक्स-रे नको. युरिक ॲसिड ६ च्या खाली, गाठी असतील तर ५ च्या खाली ठेवून वर्ष-दोन वर्षांनी तुलना केली तर अर्थ निघतो. त्यासाठी पहिल्या फिल्मवरच ट्यूबचा कोन, पाय कलवलेले अंश आणि केव्ही-एमएएस लिहून ठेवावेत. कोन पाच-दहा अंशांनी बदलला तर जुना खळगा गायब होतो किंवा नवा उगवतो, आणि औषध लागू पडतंय की नाही याचा निर्णय टेक्निशियनच्या हातावर ठरतो.